नगरच्या 'कॅम्पात' जर्मन होते, पण नेहरूंच्या शेजारी नव्हते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबांची भिंगारला पावाची भट्टी होती. घरात सांगत आलेत की लढाईच्या काळात ते 'कॅम्पातल्या जर्मन कैद्यांना' पाव द्यायचे, 'किल्ल्यातल्या नेहरूंना'ही द्यायचे, आणि रस्त्यावरून रणगाडे गेले की भट्टीची भिंत हादरायची. यात खरं किती? जर्मन आणि नेहरू एकाच तुरुंगात होते का? आणि जिथं सैनिकांना शिकवतात तिथं कैदी कशाला ठेवतील?

नगरच्या छावणीचे जुने कागद चाळण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली आहेत, तेव्हा उत्तर जरा लांबणार. आधी एका वाक्यात सांगतो: तुमच्या घरातलं सगळं खरं असू शकतं, फक्त एकाच वर्षातलं नाही.

घोळ 'कॅम्प' या शब्दातच आहे. पुण्यात काय, नगरात काय, कॅम्प म्हणजे कॅन्टोन्मेंट. आजी 'कॅम्पात जाऊन येते' म्हणायची तेव्हा ती कापड आणायला निघालेली असायची. पण इंग्रजांच्या कागदांत 'कॅम्प' म्हणजे तारांचं कुंपण घालून बंद केलेली कैद्यांची जागाही असते. म्हणून 'कॅम्पातले जर्मन' ऐकल्यावर आजचा माणूस किल्ल्याकडे बोट दाखवतो, कारण तुरुंग म्हटलं की नगरकरांना किल्लाच आठवतो. नकाशा डोळ्यांपुढे आणा. शहराच्या पूर्वेला किल्ला, त्याच्या पलीकडे भिंगार आणि पसरलेली छावणी. दोन्ही लष्कराचेच, दोन्ही हाकेच्या अंतरावर, पण कैदी वेगळे, कायदे वेगळे आणि वर्षंही बरीचशी वेगळी.

दुसरा घोळ 'कैदी' या शब्दाचा. रणांगणावर पकडला तो युद्धकैदी. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून उचलला, मग तो व्यापारी असो, पाद्री असो की गिर्यारोहक, तो नागरी बंदी. त्यानं बंदूक हातातही धरलेली नसेल. खटला न चालवता सरकारनं आत टाकलेला आपलाच माणूस म्हणजे स्थानबद्ध. आणि ठरलेल्या गावाबाहेर जाणार नाही असा शब्द देऊन राहायचा तो पॅरोलवरचा, आपल्याकडचा नजरकैदी. नगरनं हे चारही पाहिले. लोकांच्या तोंडी मात्र सगळे कैदीच.

आता वर्षं. सुरुवात जर्मनांपासून होत नाही, बोअरांपासून होते, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वंशाच्या गोऱ्यांपासून. दक्षिण आफ्रिकेतल्या 1899 ते 1902 च्या युद्धात पकडलेले बोअर इंग्रजांनी समुद्रापार पाठवले: सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान. हिंदुस्थानात सुमारे 9,000 आले आणि अनेक छावण्यांत विखुरले. नगरचा किल्ला त्यातलाच एक. 31 मे 1902 ला तह झाला, तरी काही बोअर ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला तयार होईनात. शपथ नाही तर घर नाही, असा पेच. हिंदुस्थानात अडून बसलेल्या या मंडळींची समजूत घालायला 1903 च्या अखेरीस खुद्द त्यांचाच सेनापती डे ला रे इकडे आला. लढाई संपून दीड वर्ष झालं तरी कैद संपली नव्हती, हे तेव्हाच्या भिंगारच्या दुकानदारांनाही चक्रावणारंच वाटलं असणार.

मग 1914. युद्ध पुकारलं आणि त्याच वर्षी परदेशी नागरिकांविषयीचा वटहुकूम निघाला. हिंदुस्थानभरातले लष्करी वयाचे जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुष उचलायला सुरुवात झाली, आणि त्यांची मुख्य छावणी नगरला झाली. बायकामुलं असलेल्यांसाठी बेळगाव. नगरमध्ये तीन भाग होते: ए कॅम्प, बी कॅम्प आणि पॅरोल कॅम्प. पुढं इंग्रजांनी जर्मन पूर्व आफ्रिका घेतली तेव्हा तिथले जर्मनही जहाजानं मुंबईला आणि रेल्वेनं नगरला आले. त्यामुळे एकाच तारेच्या आत बँकेचा कारकून, बोटीवरचा खलाशी, आफ्रिकेतला मळेवाला आणि बासेल मिशनचा पाद्री अशी मंडळी जमली. बासेल मिशन म्हणजे ज्यांनी मंगलोरी कौलं घराघरांवर चढवली ते. त्यांचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारनं ताब्यात घेतले. कोकणातल्या छपरावरचं कौल आणि नगरच्या बराकीतला बंदी यांचं नातं असं आहे.

1917 मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे तीन स्विस प्रतिनिधी (थॉर्मायर, शोख आणि ब्लांशो) इजिप्तपासून ब्रह्मदेशापर्यंतच्या छावण्या पाहत फिरले, त्यात नगरही होतं. त्यांचा अहवाल छापलेला आहे. असे अहवाल वाचताना एक लक्षात ठेवावं: पाहुणे येणार म्हटल्यावर छावणीही घर आवरते. पण म्हणून ते टाकाऊ नाहीत. खाटा, पाणी, इस्पितळ, शिधा यांची मोजदाद प्रतिनिधी कसोशीनं करत, कारण एका बाजूनं कैद्यांना काय दिलं त्यावर दुसऱ्या बाजूला पकडलेल्या आपल्या माणसांना काय मिळणार हे ठरायचं. बंदी मंडळी मायदेशी परतली ती युद्ध संपल्यावर, 1919-20 च्या सुमाराला. पाद्र्यांतले काही 'गोलकोंडा' नावाच्या बोटीनं त्याआधीच गेले होते.

कैदी नगरलाच का? तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कैद्यांची छावणी आणि शिकाऊ सैनिकांची छावणी यांना लागणाऱ्या गोष्टी जवळपास त्याच असतात. तयार बराकी हव्यात, लष्करी इस्पितळ हवं, पहाऱ्याला पलटण हवी, भाकरी-पाव-मटण रोज पुरवणारा बाजार हवा, आणि रेल्वे हवी. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 पासून नगरवरून जातोय. शिवाय कैदी किनाऱ्यापासून लांब हवेत, आणि शिकाऊंना गोळीबार करायला मोकळा माळ हवा. नगरचा माळ कोरडा, पिकं थोडी, डोंगर बेताचे. सरकारच्या हिशेबानं जागा फुकटच. एक पलटण लढायला बाहेर गेली की बराक मोकळी व्हायची. तिला तार मारली की कैदखाना. कैदी गेले की तार काढून पुन्हा शिकाऊ. या दोघांना वेगळं मानणं ही आपली आजची सवय आहे. क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे पुरवठा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वहीत दोघंही 'इतकी माणसं, इतका शिधा' एवढेच असत.

पहिल्या महायुद्धानंतर तेच झालं. रणगाडा हे यंत्रच नवं होतं. 15 सप्टेंबर 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत तो जगानं पहिल्यांदा पाहिला. 1921 च्या सुमाराला ब्रिटिश लष्कराच्या रणगाडा दलाच्या (टँक कोअर) आर्मर्ड कार, म्हणजे चिलखती गाड्यांच्या, कंपन्या हिंदुस्थानात आल्या आणि 1924 मध्ये नगरला रॉयल टँक कोअरची शाळा निघाली. तीच पुढं फायटिंग व्हेइकल्स स्कूल. तेव्हा भट्टीची भिंत रणगाड्यानं हादरली असेल तर ती आठवण 1924 च्या अलीकडची. एवढ्या एका तपशिलावरून 1914-20 चा काळ बाद होतो, निदान त्या वाक्यापुरता.

या शाळेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नगरवर लिहिणारे बहुतेक जण नेहरूंपाशी येऊन थांबतात. 1938 मध्ये हिंदी घोडदळाच्या पहिल्या दोन रेजिमेंट्स, सिंध हॉर्स आणि 13 वी लान्सर्स, घोडे सोडून गाड्यांवर आल्या. मग एकामागून एक बाकीच्या. विचार करा, बापआज्यांपासून घोड्यावर बसणारा स्वार. घोड्याला खरारा, चंदी, नाल यांत त्याचं आयुष्य गेलेलं. त्याला आता तीनपैकी एक काम शिकायचं होतं: गाडी चालवणं आणि तिची निगा, तोफ चालवणं, नाहीतर वायरलेस. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड, कारण कानाला बोलणाऱ्यापेक्षा खरखर जास्त ऐकू यायची, आणि शब्द इंग्रजी. घोडा दमला की उभा राहतो हे त्याला माहीत होतं. इंजिन तापलं तरी धावत राहतं आणि मग एकदम जाम होतं, हे नव्यानं शिकावं लागलं.

आणि शिकायला पुरेसे रणगाडे होते कुठं? 1939-40 मध्ये ब्रिटनलाच ते पुरत नव्हते. हिंदुस्थानात फोर्डच्या चासीवर टाटांच्या पोलादाचा सांगाडा चढवून चिलखती गाड्या बनवल्या. सैनिक त्यांना 'टाटानगर' म्हणायचे. अशा गाड्या चार हजारांवर निघाल्या. म्हणजे पणजोबांच्या दारावरून गेलेली प्रत्येक धडधडणारी गाडी रणगाडाच असेल असं नाही. भिंत मात्र त्यानंही हादरते.

3 सप्टेंबर 1939 ला युद्ध जाहीर झालं आणि 25 वर्षांपूर्वीचीच गोष्ट पुन्हा घडली. जर्मन नागरिक उचलले, मध्यवर्ती बंदी छावणी पुन्हा नगर. या वेळी पेच जास्त वाईट होता. उचललेल्यांत पक्के नाझी होते, तसे हिटलरच्या तावडीतून जीव मुठीत धरून पळालेले ज्यू डॉक्टर आणि कलावंतही होते. सरकारच्या लेखी पासपोर्ट जर्मन तर माणूस शत्रू. ज्यांनी घरदार गमावलं आणि ज्यांनी ते घेतलं, ते दोघं एकाच रांगेत ताटली घेऊन उभे. ही चूक लवकरच ध्यानात आली. माल्कम डार्लिंग यांच्या समितीनं एकेकाची चौकशी करून बऱ्याच निर्वासितांना सोडलं. पण 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, इटली युद्धात उतरला, आणि सुटलेल्यांपैकी कित्येक पुन्हा आत आले. कुटुंबवाल्यांना आणि कमी धोक्याच्या मानलेल्यांना पुढं पुरंदर आणि साताऱ्याला पॅरोलवर ठेवलं. हो, आपलाच पुरंदर किल्ला. मुरारबाजीच्या पुरंदरावर व्हिएन्नाचे डॉक्टर हवा खात फिरत होते, हे इतिहासाच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही.

नगरच्या बंद्यांत दोन नावं पुढं जगभर गेली. एक ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर. नंगा पर्वताची मोहीम आटोपून कराचीत बोटीची वाट पाहत असताना तो आणि त्याचे सोबती सापडले आणि नगरला आले. दुसरे लामा अनागारिक गोविंद, जन्मानं जर्मन, धर्मानं बौद्ध. हाररच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून पळायचं होतं आणि नगरहून पाहिलं तर आवाक्यातली तटस्थ भूमी म्हणजे पोर्तुगीजांचा गोवा. बंद्यांच्या गप्पांत गोवा यायचा तो यासाठी, समुद्रकिनाऱ्यासाठी नव्हे. 1941 मध्ये ही मंडळी नगरहून देवळालीला आणि तिथून डेहराडूनला हलवली. नगर-देवळाली वाटेवर हाररनं निसटायचा पहिला प्रयत्न केला, तो फसला. शेवटी 29 एप्रिल 1944 ला डेहराडूनहून सुटला तो थेट तिबेटच्या दिशेनं, आणि जानेवारी 1946 मध्ये ल्हासाला पोचला.

देवळाली म्हटलं की एक इशारा द्यावाच लागतो. आपली नाशिकजवळची देवळाली वेगळी आणि राजस्थानातली देवळी वेगळी. राजस्थानच्या देवळीत 1940 नंतर डांगे, रणदिवे, जयप्रकाश नारायण अशी राजकीय मंडळी स्थानबद्ध होती. 1941 मध्ये तिथं मोठं उपोषण झालं. पुढं तिथंच जपानी नागरिक बंदी होते, आणि 1962 मध्ये भारतातले चिनी वंशाचे लोक. मी स्वतः एकदा भाषणात डांग्यांना नाशिकजवळ आणून ठेवलं होतं. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या कॉम्रेडनं माझी जी हजेरी घेतली, ती मी विसरलेलो नाही. आपली देवळाली म्हणजे 1861 पासूनची मुक्कामी छावणी, मायदेशी जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांनी बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने काढायची जागा. ऊन, ताप आणि रिकामपण यानं माणसं इतकी बिथरायची की इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणू लागले. 1941 मध्ये तोफखान्याची शाळा अबोटाबादजवळच्या काकूलहून तिथं आली. म्हणजे त्या वर्षी देवळालीतही तोफा शिकणारे आणि तारेतले बंदी शेजारी-शेजारी होते. नगरच्या नमुन्याचीच दुसरी छापील प्रत.

आता किल्ला. 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे पुढारी धरले आणि खास गाडीनं निघाले. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसला नेलं. कार्यकारिणीचे सदस्य त्याच गाडीनं दौंडमार्गे नगरला. किल्ल्यात 12 जण होते: नेहरू, आझाद, पटेल, पंत, कृपलानी, असफ अली, नरेंद्र देव, पट्टाभी, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. तारीख पाहा. देवळालीला जर्मन हलवून वर्ष उलटलं होतं. तेव्हा नेहरू आणि जर्मन एका वेळी नगरात नव्हतेच, एका तुरुंगात असण्याचा प्रश्नच नाही.

या बारा जणांना कुणी पकडलं, कोणत्या युद्धात? कुठल्याच नाही. ते डिफेन्स ऑफ इंडिया रूल्सचे स्थानबद्ध. त्यातला नियम 26 माणसाला खटल्याशिवाय अडकवायला वापरत. तो नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे असा निकाल फेडरल कोर्टानं एप्रिल 1943 मध्ये दिला, आणि तो दिला मुंबईच्या केशव तळपदे यांच्या दाव्यात. किल्ल्याचे दरवाजे उघडायला हवे होते, नाही का? सरकारनं काही दिवसांत वटहुकूम काढला आणि नियमामागचा कायदाच दुरुस्त करून नियम मागून वैध करून घेतला. दरवाजे होते तसेच राहिले. गंमत अशी की तारेतल्या जर्मनाकडे स्विस प्रतिनिधी येऊन 'जेवण कसं आहे' विचारायचा. किल्ल्यातल्या हिंदी पुढाऱ्याला असा विचारणारा कुणी बाहेरचा नव्हता. त्यांना सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रही मिळालं नाही.

किल्ल्यातलं आयुष्य दोघांच्या लिखाणात सापडतं. नेहरूंनी अंगणातली दगडगोट्यांची जमीन खणून बाग केली. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष आणि घुमटांचे माथे लागले, आणि एप्रिल ते सप्टेंबर 1944 मध्ये त्यांनी 'भारताचा शोध' लिहिला. आझादांनी मित्राला पत्रं लिहिली, ती टाकायची नव्हतीच. पुढं 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली. त्यात चिमण्यांचं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी युद्ध, मग तह, मग तांदळाचे दाणे टाकून मैत्री, आणि एकेकीला नावं: मोती, मुल्ला, कलंदर. याच दिवसांत, एप्रिल 1943 मध्ये, कलकत्त्यात त्यांची बायको वारली. शेवटची भेटही झाली नाही. नेहरूंना मार्च 1945 च्या अखेरीस नगरहून हलवलं. सुटका 15 जून 1945 ला, अल्मोड्याहून.

आणि तुमच्या पणजोबांचा पाव? पुढारी कुठं ठेवलेत हे सरकारनं सुरुवातीला उघड केलं नव्हतं. पण भिंगारात गुपित राहिलं असेल यावर माझा विश्वास नाही. किल्ल्यात अचानक बारा खाणारे वाढले, दूध-अंडी-पावाची यादी वाढली, की पुरवठादाराला आधी कळतं. मात्र 'नेहरूंना पाव' म्हणजे नेहरूंच्या हातात पाव नव्हे. पाव फाटकापर्यंत गेला, पुढचं लष्कराकडे.

आता तपासायचं कसं? पहिलं, पणजोबांचं जन्मसाल. ते 1900 च्या आसपासचे असतील तर 1939-41 चे जर्मन, मग नेहरू आणि सगळा वेळ शाळेतले रणगाडे असं एकाच भट्टीतून तीन गिऱ्हाइकांना जाणं अगदी शक्य आहे. ते 1880 चे असतील तर जर्मन बहुधा पहिल्या युद्धातले, आणि नेहरूंचा पाव पुढच्या पिढीनं भाजलेला. घरच्या गोष्टीत बाप-लेक एक झाले असतील. असं फार होतं.

दुसरं, कागद. पत्र्याच्या पेटीत एखादी पावती, पास किंवा पाकीट आहे का पाहा. भिंगारच्या एका घरात मला असंच एक पाकीट दाखवलं होतं. तिकीट नव्हतं, म्हणून त्यांना वाटायचं कुणीतरी सोलून काढलं. तिकीट मुळात लावलेलंच नव्हतं: युद्धकैद्यांची आणि बंद्यांची टपाल फुकट जाते, हेग करारापासूनची रीत आहे ती. वर सेन्सॉरचा शिक्का आणि बाजूला बारीक अक्षरात 'ए', म्हणजे 1914 नंतरचा तो ए कॅम्प. त्या एका अक्षरानं पाकीट पहिल्या युद्धात जाऊन बसलं, आणि घरात तोवर 'नेहरूंच्या वेळचं' म्हणून जपलेलं होतं. तेव्हा कोपऱ्यातली अक्षरं, शिक्क्यातलं साल आणि तिकीट आहे की नाही, या तीन गोष्टी बघा. पाकीट धुऊ नका, इस्त्री करू नका, प्लास्टिकच्या पट्टीनं चिकटवू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

तिसरं, जागा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र घेऊन जा. नेत्यांच्या खोल्या आत दाखवतात. शाळा 1948 मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये सामील झाली, ती आजही तिथंच आहे. फराह बागेजवळच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची जुनी आर्मर्ड कार उभी आहे. घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला आवाज आठवत असेल तर त्यांना तिच्यापुढं आणि मग व्हॅलेंटाइन रणगाड्यापुढं उभं करा, आणि भिंत कशानं हादरायची ते विचारा. रबरी चाकं आणि लोखंडी पट्टा यांतला फरक म्हाताऱ्यांना बरोबर आठवतो.